शॉवर, नळ, काच, गिझर: क्षार काढायला व्हिनेगर कुठे चालतं, कुठे नाही?

उन्हाळवाफ

घरात येणारं पाणी चांगलंच जड आहे. सध्याची अवस्था अशी: शॉवरची निम्मी भोकं बंद, उरलेल्यांतून पाणी तिरपं उडतं. बेसिनच्या नळाला बुडाशी पांढरी कडक कड धरली आहे आणि धारही बारीक झाली आहे. बाथरूममधली काच धुरकट. गिझर तापायला पूर्वीपेक्षा वेळ लावतो आणि तापताना आतून तडतड आवाज येतो.

पांढरं व्हिनेगर (बाटलीवर ५ टक्के लिहिलं आहे) वापरून झालं. किटली अर्ध्या तासात लख्ख झाली. काचेवर फवारून पुसलं, ढिम्म फरक नाही. नळाच्या कडेला खाण्याचा सोडा लावून वर व्हिनेगर ओतलं. फेस भरपूर आला, कड जशीच्या तशी.

प्रश्न असे: एकच व्हिनेगर किटलीला लागू पडतं आणि काचेला नाही, हे का? निव्वळ वापरायचं की पाणी घालून? किती वेळ ठेवायचं? आणि गिझरमध्ये ओतलं तर चालतं का? बाथरूमची फरशी गुळगुळीत फिकट दगडाची आहे, नेमका कुठला दगड ते माहीत नाही.

आम्लधर्मी

किटली सुटली आणि काच नाही, यातच निम्मं उत्तर आहे.

पाण्यातला जडपणा दोन जातींचा. एक बायकार्बोनेटचा. पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते तळाला बसतं. दुसरा सल्फेट आणि क्लोराइडचा. तो पाणी उकळलं तरी बराचसा पाण्यातच राहतो आणि किटली रिकामी करताना निघून जातो. म्हणून किटलीच्या तळाची खपली म्हणजे बहुतांशी कार्बोनेट, आणि व्हिनेगरचं त्याच्याशी हाडवैर.

काचेवरचा थेंब मात्र जागेवर वाळतो. वाळताना पाण्यात जे जे विरघळलेलं होतं ते सगळं तिथेच सोडून जातो: कार्बोनेट, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), सिलिका (वाळूतला मुख्य घटक). त्यावर साबण आणि कॅल्शियम मिळून झालेला मेणचट थर. यातलं कार्बोनेट तेवढं व्हिनेगर खातं. जिप्समवर त्याची फारशी मात्रा चालत नाही, सिलिकावर अजिबात नाही, आणि मेणचट थर तर व्हिनेगरला आत शिरूच देत नाही.

आता ताकदीचा हिशोब. ५ टक्के म्हणजे लिटरमागे साधारण ५० ग्रॅम ॲसिटिक ॲसिड. १०० ग्रॅम कार्बोनेट विरघळवायला असं १२० ग्रॅम ॲसिड लागतं. म्हणजे एक अख्खा लिटर कागदावर जेमतेम ४० ग्रॅम क्षार खातो, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण ॲसिड संपत आलं की वेग पार मंदावतो. त्यामुळे काचेवर दोन फवारे मारून पुसलं तर काय होणार? फवाऱ्यात ॲसिड मुळात मिलिग्रॅममध्ये, त्यातलं निम्मं ओघळून खाली. यात घासायला जोर किती लावला याला महत्त्व नाही. ताजं ॲसिड त्या जागेवर किती वेळ टिकलं, एवढंच मोजायचं.

म्हणून पाणी घालू नका. अपवाद किटलीचा, तिथे भांडं भरायचं असतं म्हणून निम्मं-निम्मं चालतं. कोमट केलेलं, हाताला सोसेल इतपत (४० ते ५० अंश) व्हिनेगर गार व्हिनेगरपेक्षा बरंच लवकर काम करतं. उकळू मात्र नका. ॲसिड वाफेवाटे डोळ्यांत जातं आणि घरभर वास राहतो तो वेगळाच.

बुडबुडे थांबले तर दोन शक्यता: ॲसिड संपलं किंवा कार्बोनेट संपलं. त्याच जागी ताज्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. परत बुडबुडे आले तर व्हिनेगर बदला आणि पुन्हा भिजवा. नाही आले आणि थर तसाच असेल, तर उरलेला थर कार्बोनेटचा नाही. आणखी चार बाटल्या ओतून उपयोग नाही.

सोड्याचं म्हणाल तर सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याला क्षाराशी काही देणंघेणं नाही. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं, पण तो सोड्याचा फेस, तुमच्या कडेचा नव्हे. सोडा वापरायचाच तर सगळं संपल्यावर, उरलेलं आम्ल मारायला.

व्हिनेगर पांढरंच घ्या, ४ ते ५ टक्क्यांचं. सफरचंदाचं किंवा तपकिरी नको, त्याने चिकटपणा आणि रंग मागे राहतो.

तोटीवाला

वरचं सगळं बरोबर. नळ आणि शॉवरची कृती देतो.

धार बारीक झाली आहे म्हणजे नळाच्या तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर भरला आहे. त्याला जाळी न काढता बाहेरून फडकं गुंडाळून काही होत नाही, क्षार आत बसलेला असतो. आधी बेसिनचं भोक बंद करा, नाहीतर वायसर थेट मोरीत जाईल. जाळीभोवती जाड फडकं किंवा रबराचा तुकडा धरून पक्कडीने फिरवा. नळाच्या खालून वर बघताना घड्याळाच्या उलट दिशेने सुटते. पक्कड थेट लावली तर क्रोमला दात उमटतात ते कायमचे. हलतच नसेल तर जोर लावू नका, आतला पितळी आटा जातो. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून नळाच्या तोंडाला अर्धा तास बांधा, मग परत फिरवून बघा. आटे जे धरून ठेवतात तोही क्षारच.

सुटल्यावर आत क्रमाने रबरी वायसर, प्लास्टिकचा जाळीदार गाभा, कधी एक-दोन बारीक जाळ्या आणि बाहेरचं धातूचं कडं निघेल. क्रम लक्षात राहावा म्हणून फोटो काढून ठेवा. जाळी उलटी बसली की पाणी फवाऱ्यासारखं आजूबाजूला उडतं. वायसर बाजूला ठेवून फक्त जाळी आणि गाभा वाटीभर कोमट व्हिनेगरमध्ये अर्धा ते एक तास. मग जुन्या टूथब्रशने उलट्या बाजूने, म्हणजे पाणी जिथून बाहेर येतं तिथून आत असं झाडायचं. सुई घालून भोकं मोकळी करायला जाऊ नका, भोक मोठं होतं आणि धार वाकडी होते. बसवण्याआधी नळ दहा सेकंद पूर्ण सोडा म्हणजे आत अडकलेली वाळू आणि क्षाराचे तुकडे निघून जातील. घट्ट करताना हातानेच. गळलं तरच पाव फेरा पक्कडीने.

शॉवर काढता येत असेल तर काढून बादलीत बुडवणं उत्तम. नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत एवढं व्हिनेगर घ्या की भोकांचा सगळा भाग बुडेल, आणि पिशवी शॉवरच्या मानेला रबरबँडने बांधा. तोंड पूर्ण आवळू नका, आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याला वाट हवी. रबरी टोकांचा शॉवर असेल तर अर्ध्या तासाने पिशवी काढून टोकं अंगठ्याने चोळा, पांढरे मणी टपाटप पडतात. मग गरम पाणी पूर्ण जोरात सोडा.

वेळेचा नियम: चांगला, न सोललेला क्रोम असेल तर अर्धा तास, फार तर एक तास, आणि मग भरपूर पाण्याने धुणं. रात्रभर ठेवा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो पूर्ण प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलच्या शॉवरला ठीक आहे, क्रोमला नाही. क्रोमचा थर फार पातळ असतो. त्याला कुठे बारीक टोचा पडला असेल तर आम्ल आत शिरून खालच्या निकेल आणि पितळेला धरतं, आणि मग फोड येऊन पापुद्रा सुटतो. सोनेरी, काळ्या, गुलाबी रंगाच्या नळांना तर व्हिनेगर लावूच नका. काही नळ कंपन्या पुस्तिकेतच ॲसिटिक ॲसिड नको असं लिहितात आणि सायट्रिक (लिंबातलं आम्ल) चालेल म्हणतात. पुस्तिका असेल तर आधी ती बघा.

बुडाच्या कडेसाठी टिश्यू पेपरची दोरीसारखी वळी करा, व्हिनेगरमध्ये बुडवून हलकी पिळा आणि नळाच्या बुडाभोवती गुंडाळा. वीस मिनिटांनी काढा, प्लास्टिकच्या जुन्या कार्डाची कड फिरवा. सुटलं तेवढं सुटू द्या, धुवा, दुसरी वळी लावा. तीन-चार फेऱ्या लागतील. जाड कड एका बैठकीत उतरवण्याच्या नादात तारेची घासणी हातात घेतली की क्रोमचा कारभार आटोपला.

सांजसावली

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी यायला हवी होती. व्हिनेगर आणि ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, जे काही फरशी आणि टॉयलेट क्लीनरमध्ये, बुरशी काढायच्या स्प्रेमध्ये असतं) एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो घातक आहे. "आधी ब्लीच मारलं, मग थोड्या वेळाने व्हिनेगर" हेही एकत्रच धरा. मध्ये भरपूर पाण्याने धुवा आणि शक्यतो दिवसच बदला. फ्लशच्या टाकीत क्लोरीनची वडी टाकली असेल तर व्हिनेगर वापरण्याआधी ती काढा आणि दोन-तीनदा फ्लश करा. हायड्रोजन पेरॉक्साइडही व्हिनेगरमध्ये मिसळू नये, परअॅसिटिक ॲसिड तयार होतं. ते त्वचेला आणि श्वासनलिकेला झोंबतं.

उन्हाळवाफ

जाळी आणि शॉवर दोन्ही मोकळे झाले. जाळीच्या आत वाळूसारखे तपकिरी कणही निघाले. बुडाची कड दुसऱ्या वळीला बरीचशी सुटली.

काचेवर आम्लधर्मी यांची थेंबाची चाचणी केली. खालच्या भागात बारीक बुडबुडे आले, वरच्या भागात काहीच नाही. वरच्या भागावर नख फिरवलं तर काच गुळगुळीत लागते, पण धुरकट दिसतेच. फरशीवर अजून काही लावलेलं नाही.

आम्लधर्मी

नखाची परीक्षा चांगली केलीत. खरखरीत लागतं तिथे थर आहे, तो निघेल. गुळगुळीत आणि तरी धुरकट, तर दोनच शक्यता: सिलिकाचा अगदी पातळ पापुद्रा, किंवा काचच कोरली गेली आहे. कोरलेली काच म्हणजे डाग नव्हे, पृष्ठभागच बिघडलेला. त्यावर कुठलंही आम्ल चालणार नाही.

खालच्या भागासाठी क्रम महत्त्वाचा. आधी मेणचट थर काढायचा: गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड, मऊ स्पंज, मग धुवून टाका. पाणी काचेवर थेंबाथेंबाने गोळा न होता सपाट पसरलं की थर गेला. त्यानंतर व्हिनेगर. काच उभी असल्याने ते ओघळतं, म्हणून टिश्यू पेपर किंवा जुनं सुती कापड व्हिनेगरमध्ये भिजवून काचेवर चिकटवा आणि वरून जेवण झाकायची पातळ प्लास्टिकची फिल्म लावा. अर्ध्या तासाने कापड न काढता वरून पुन्हा भिजवा, आणखी अर्धा तास. काढून प्लास्टिकच्या कार्डाने ओलेपणीच खरवडा आणि धुवा. शेवटी परत एकदा लिक्विड. हा शेवटचा हात लोक गाळतात. साबणाच्या थरातलं कॅल्शियम आम्लाने काढून घेतलं की मागे स्निग्ध आम्ल उरतं, ते पाण्याने जात नाही आणि काच वाळल्यावर परत धुरकट दिसते. मग दोष व्हिनेगरला.

ब्लेडने खरवडायचा मोह टाळा. बाथरूमची काच टफन्ड असते, तिच्यावर ब्लेडखाली एखादा कण आला की लांब ओरखडा जातो. कंपनीने पाणी न धरणारं कोटिंग दिलेली काच असेल तर आम्लही नको, खरवडणंही नको.

वरच्या भागासाठी सेरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायच्या पावडरची) पेस्ट आणि फेल्टचं पॅड, भरपूर पाणी शिंपडत, हलक्या हाताने. सिलिकाचा पापुद्रा असेल तर निघतो, काच वरवर कोरली असेल तर सुधारते. खोल कोरली असेल तर काच बदलणं एवढंच उरतं.

तोटीवाला

फरशीबद्दल. फिकट गुळगुळीत दगड म्हणजे संगमरवर असण्याची शक्यता मोठी, आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. क्षाराला जे आम्ल खातं ते फरशीलाही तितक्याच आवडीने खातं. कोटा आणि शहाबादी याही चुनखडीच्याच. मोझॅकच्या फरशीतही संगमरवराची खडी आणि सिमेंट. या सगळ्यांना व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक सगळं वर्ज्य. चकाकी जाऊन मंद पांढुरका डाग पडतो, तो पॉलिशवाल्याशिवाय जात नाही. ग्रॅनाइट आणि चिनी मातीच्या टाइल्सना भीती नाही, पण त्यांच्या सांध्यांतल्या सिमेंटला आहे.

खात्री करायची तर दाराआडच्या कोपऱ्यात एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. बुडबुडे दिसले किंवा जागा मंद झाली की समजा. बुडबुडे नाहीत म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, मॅग्नेशियम असलेला दगड फार हळू उसळतो. बोट फिरवून चमक तपासा.

काचेला व्हिनेगर लावताना खाली दगड असेल तर आधी जुने टॉवेल पाण्यात बुडवून काचेच्या पायथ्याशी पसरा. ओघळ त्यांत जिरतो, ॲसिड पातळ होतं. टाइल्सच्या सांध्यांनाही हीच युक्ती: आधी साध्या पाण्याने चिंब करा. सिमेंटची भोकं पाण्याने भरलेली असली की आम्ल आत शोषलं जात नाही. सिलिकॉनच्या सांध्याला व्हिनेगर काही करत नाही. बऱ्याच सिलिकॉनला लावताना जो आंबूस वास येतो तो ॲसिटिक ॲसिडचाच.

वाफाळ

गिझरला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

टाकीत व्हिनेगर ओतायचं नाही. टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. आम्ल पहिल्यांदा त्यालाच खातं. शिवाय १५ लिटरच्या टाकीत दोन लिटर व्हिनेगर ओतून ॲसिड एक टक्क्याच्याही खाली येतं, म्हणजे क्षार तसाच, अॅनोड मात्र खलास. तडतड आवाज येतो तो कॉइलवर चढलेल्या खपलीखाली पाणी अडकून तिथल्या तिथे वाफ होते म्हणून. कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

पद्धत: एमसीबी बंद, टेस्टरने तपासणी, पाणी पूर्ण गार होईपर्यंत थांबणं. इनलेटचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा, टाकी रिकामी करा. खालचं झाकण काढून वायरींचा फोटो घ्या, वायरी सोडवा, फ्लँजचे (कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या चकतीचे) बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून सैल करा. बऱ्याच गिझरमध्ये कॉइल आणि अॅनोड एकाच फ्लँजवर बसवलेले असतात. अॅनोड फिरवून वेगळा काढा. त्याची आतली लोखंडी तार उघडी पडली असेल तर नवाच घाला.

कॉइल उंच अरुंद भांड्यात कोमट व्हिनेगरमध्ये उभी करा. फक्त पाण्यात बुडणारा भाग बुडवा, वायर जोडायची टोकं आणि थर्मोस्टॅटची नळी कोरडी राहिली पाहिजे. एक ते दोन तास, मध्ये एकदा व्हिनेगर बदलून. जाड खपली लाकडी काडीने ढकलली की तुकड्यांनी सुटते. हातोडीने ठोकू नका, कॉइलच्या आतलं इन्सुलेशन तडकतं आणि मग पाण्यात करंट उतरतो. तांब्याची कॉइल व्हिनेगरमधून गुलाबीसर होऊन येते, ते ठीक आहे. हिरवे डाग किंवा बारीक भोक दिसलं तर नवी कॉइल.

टाकीच्या तळाची खडी हाताने उपसून पाण्याने खळबळा. जुना गॅस्केट परत वापरू नका. बसवल्यावर आधी इनलेट उघडा, गरम नळातून हवा न येता सलग धार लागू द्या, आणि त्यानंतरच वीज. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर काही क्षणांत जाते. विजेचं काम जमत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि त्याला कॉइलचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासायला सांगा. सेफ्टी व्हॉल्व्हची कळही दोन-तीन महिन्यांतून एकदा उचलून थोडं पाणी सोडत जा, क्षाराने तो अडकला तर दाब जायला वाट राहत नाही. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. जितकं जास्त तापवाल तितकं जास्त कार्बोनेट बसतं.

वॉशिंग मशीनबद्दलही थोडक्यात. तिच्यात व्हिनेगर टाकण्यात अर्थ कमी. अर्धा लिटर व्हिनेगर म्हणजे २५ ग्रॅम ॲसिड, ते मशीनच्या पाण्यात गेलं की नावापुरतं उरतं. वारंवार वापरलं तर दाराचं रबर कडक होतं. त्याऐवजी १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड थेट ड्रममध्ये, कपडे नाहीत, पावडर नाही, ६० अंशांची पूर्ण सायकल, आणि मग एक साधं खळबळणं. इनलेट पाइपच्या टोकाची जाळी आधी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. पाणी हळू भरण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

कडकलक्ष्मी

एवढं सगळं करण्यापेक्षा टॉयलेटचं ॲसिड पाण्यात पातळ करून पुसलं की पाच मिनिटांत स्वच्छ. लोक उगाच घोळ घालतात.

आम्लधर्मी

पाच मिनिटांत स्वच्छ होतं हे खरं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टाचणीसारखी भोकं पाडतो, क्रोम काळवंडतो, सांध्यांतलं सिमेंट पोकळ करतो. नुसती बाटली सिंकखाली ठेवली तरी झाकणातून झिरपणाऱ्या वाफेने आजूबाजूचे नळ, बिजागऱ्या, कात्र्या गंजतात. ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन व्हिनेगरपेक्षा जोरात सुटतो. जोरदार काहीतरी हवंच असेल तर सल्फॅमिक ॲसिडची पावडर घ्या. वाफ नाही, आणि तिच्यापासून होणारा कॅल्शियमचा क्षार पाण्यात सहज विरघळतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. दगडाला ते सुद्धा चालत नाही, अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या पत्र्यालाही नाही.

सायट्रिकबद्दल एक सूचना, कारण वर त्याचं नाव आलं आहे. वास नाही, ताकद व्हिनेगरपेक्षा जास्त, ठेवायला सोपं. लिटरमागे ५० ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे चमचे, पुरे. पण क्षार भरपूर आणि ॲसिड कमी असं झालं तर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन पांढऱ्या गाळासारखं बसतं, आणि पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. म्हणून जाड थरावर सायट्रिक उकळू नका. कोमट ठेवा, द्रावण बदला. जाड थराला पहिला हात व्हिनेगरचा आणि शेवटचा सायट्रिकचा, हा क्रम मला बरा वाटतो.

उन्हाळवाफ

गिझरसाठी इलेक्ट्रिशियनला बोलावतो. फरशीचा कोपरा मंद झाला, म्हणजे संगमरवरच. शेवटचा प्रश्न: कमोडमध्ये पाण्याच्या पातळीला तपकिरी-पांढरी रिंग आहे. रात्री अर्धी बाटली व्हिनेगर ओतलं, सकाळी काही नाही.

तोटीवाला

कमोडच्या तळाला पाणी साठलेलं असतं, त्यात मिसळून तुमचं व्हिनेगर एक टक्क्यावर आलं. आधी पाणी खाली न्या: फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून एकदा फ्लश करा, आणि उरलेलं पाणी ब्रशने मागच्या वळणात ढकला. रिंग कोरडी उघडी पडली पाहिजे. टिश्यू पेपरच्या पट्ट्या निव्वळ व्हिनेगरमध्ये भिजवून रिंगवर चिकटवा, कडेच्या आतल्या भोकांत वळ्या खुपसा. चिनी मातीला आम्लाचं भय नाही, त्यामुळे इथे रात्रभर ठेवायला हरकत नाही. सकाळी पट्ट्या काढून बाजूला टाका, फ्लश करू नका, चोकअप होतं. मग ब्रश.

लघवीचा क्षार असेल तर त्यात फॉस्फेटही असतं, ते हळू सुटतं. तिथे १०० ग्रॅम सायट्रिक अर्धा लिटर कोमट पाण्यात. उकळतं पाणी ओतू नका, भांडं तडकतं. फ्लशच्या टाकीत मात्र व्हिनेगर भरून ठेवू नका, तिथलं रबर आणि टाकी धरून ठेवणारे बोल्ट दोन्ही खराब होतात. टाकीतल्या व्हॉल्व्हवर क्षार दिसत असेल तर तो व्हॉल्व्ह बाहेर काढून वाटीत भिजवा, पंधरा मिनिटं, रबराची चकती वेगळी करून.

वाफाळ

तपकिरी रंग लोहाचा असतो. व्हिनेगरने खालचा थर सुटला तर रंगही बरोबर जातो, नुसता रंग उरला तर सायट्रिकचा हात द्या, लोह ते चांगलं धरतं. आणि ब्लीचने तो रंग घालवायला जाऊ नका, लोहाचा डाग त्याने उलट पक्का बसतो.

जाता जाता: टीडीएस मीटरवरचा (पाण्यात एकूण विरघळलेलं किती ते दाखवणारा) आकडा बघून क्षाराचा अंदाज बांधू नका. त्यात सोडियमसुद्धा मोजलं जातं, जे खपली धरत नाही. जडपणा मोजायच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फारच जड. शेवटच्या गटात असाल तर जाळी महिन्यातून एकदा भिजवा, गिझरची कॉइल वर्षातून एकदा उघडून बघा, आणि अंघोळीनंतर काचेवर वायपर फिरवा. थेंब वाळलाच नाही तर त्याला मागे सोडायला काही राहत नाही.